‘आर-१०१’चा अपघात आणि सायमन यांची चौकशी

ब्रिटिश सरकारने बांधलेली ‘आर-१०१’ ही एअरशिप, म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूने भरलेल्या पिशव्यांवर तरंगणारी हवाई नौका, ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधील कार्डिंग्टनहून कराचीकडे निघाली आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे शहराजवळ कोसळून पेटली. तिच्यावरील ५४ पैकी ४८ जण दगावले. त्यांत हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही होते. तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीत तिच्यासाठी उभारलेली अवाढव्य शेड वापराविनाच राहिली.

चौकशी सर जॉन सायमन यांच्याकडे सोपवण्यात आली. आपल्याकडे ‘सायमन गो बॅक’च्या घोषणांनी ज्यांचे स्वागत झाले, तेच हे सायमन. नाकाकडील कापडी आवरण वादळी वाऱ्यात फाटले, त्यामुळे पुढच्या पिशव्यांतील हायड्रोजन निसटत गेला आणि नाक खाली गेलेली नौका सावरता आली नाही, हे कारण १९३१ च्या अहवालाने सर्वांत संभाव्य मानले. धडक तशी बेताचीच होती. बळी घेतले ते आगीने, आणि ती नेमकी कशाने लागली याचा खात्रीलायक उलगडा चौकशीला करता आला नाही. शेपटीकडील, नौका वर-खाली वळवणाऱ्या सुकाणूची तार तुटली असावी, असेही मत पुढे मांडले गेले.

मात्र खरा वाद उड्डाणाआधीच्या घाईचा आहे. गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यापासून केलेल्या वायुपिशव्या धातूच्या सांगाड्याला घासून गळत होत्या. नौका अपेक्षेपेक्षा जड झाल्याने ती मधोमध कापून नवा भाग जोडावा लागला आणि लांबी ७७७ फुटांवर गेली. १ ऑक्टोबरच्या शेवटच्या चाचणीत एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडल्याने पूर्ण वेगाची परीक्षा झालीच नाही. तरीही उड्डाण पुढे ढकलले नाही, कारण हिंदुस्थानला जाऊन ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या ‘साम्राज्य परिषदे’साठी वेळेत लंडनला परतण्याचा थॉमसन यांचा बेत होता. सार्वजनिक धोरणाचे दडपण नसते तर नौका त्या संध्याकाळी निघालीच नसती, असे सायमन यांनीही नमूद केले. सरकारी अहवालाच्या मानाने हे बरेच स्पष्ट बोलणे म्हणायचे.

खासगी कंपनीने बांधलेल्या ‘आर-१००’ या दुसऱ्या एअरशिपचे मुख्य गणनकार (रचनेची आकडेमोड करणारे अभियंते) नेव्हिल शूट नॉर्वे यांनी पुढे ‘आर-१०१’ बांधणाऱ्या सरकारी गटावर कठोर टीका केली. ती वाचताना ते प्रतिस्पर्धी गटातले होते, हे ध्यानात ठेवावे लागते. त्याच उन्हाळ्यात कॅनडाची फेरी सुखरूप करून आलेली त्यांची ‘आर-१००’ही या अपघातानंतर मोडीत काढली गेली आणि ब्रिटनचा एअरशिप कार्यक्रम तेथेच संपला.