पंचधातूची मूर्ती आणि मुशीतले रसायन

पंचधातू म्हणजे पाच धातू सारख्या प्रमाणात, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात अशा ओतीव मूर्तीत मुख्य वाटा तांब्याचाच असतो. सोने, चांदी, तांबे, जस्त आणि लोखंड ही एक यादी. काही परंपरांत कथील किंवा शिसेही येते. सोने-चांदी तांब्यात सहज विरघळतात, पण श्रद्धेने टाकलेल्या एखाद्या मण्याने मिश्रणाचा रंग बदलत नाही. लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते आणि तांब्याच्या रसात जेमतेम विरघळते, म्हणून त्याचे अस्तित्व नावापुरतेच राहते.

खरी कसोटी जस्ताची. तांबे १०८५ अंशांना वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. तापलेल्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, ते नुसतेच टाकले, तर त्याची वाफ हवेत पेटून पांढरा धूर होतो आणि धातू हातचा जातो. म्हणून कासार आधी कोळशाच्या थराखाली तांब्याचा रस करतो आणि जस्ताचे तुकडे शेवटी, चिमट्याने तळाशी दाबून घालतो. जस्त विरघळू लागले की मिश्रणाचा वितळणबिंदू उतरतो आणि आच कमी केली तरी चालते. हे वेळेचे भान मला या कलेतील सर्वांत मोठे कसब वाटते. गोव्यातील म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातील पितळी दीपस्तंभ पाहताना तेच मनात येते, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्तच.

मूर्ती आधी मेणात घडवतात आणि तिच्यावर चढवलेल्या मातीच्या साच्यात मेणाच्या जागी धातू ओततात. त्यासाठी लागणारा धातू मेणाच्या प्रतिकृतीचे वजन ठराविक पटीने गुणून ठरवण्याची रीत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त दिली आहे. मेण पाण्याहून किंचित हलके, तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड आणि सोने एकोणीसपटीहून अधिक, त्यामुळे प्रत्येक धातूसाठी हा गुणाकार वेगळा.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर लवकर चढतो. चिंच किंवा आमसूल लावल्यावर त्यातील आम्ल तो थर विरघळवते. मात्र आम्ल बराच वेळ राहिले, तर जस्त निघून जाऊन पितळेवर तांबूस डाग उरतात. पंचामृतातील दही मुकुटाच्या नक्षीत अडकले, तरी हेच घडू शकते. म्हणून अभिषेकानंतर मूर्ती भरपूर पाण्याने धुऊन, खाचांतले पाणी सुती कापडाने लगेच टिपून घ्यावे.