जन्मक्रम आणि व्यक्तिमत्त्व

भावंडांमध्ये आपला नंबर कितवा, यावरून माणसाचा स्वभाव घडतो का, हा मानसशास्त्रातील जुना वादविषय. थोरला पोक्त, मधला डावललेला आणि शेंडेफळ लाडावलेले, ही समजूत सातारा-सांगलीकडच्या घरांतही पक्की आहे. तिला सिद्धान्ताचे रूप दिले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पाठचे भावंड आले की थोरल्याचे राज्य जाते आणि ती सल आयुष्यभर राहते, असे ते मानत. मात्र ही मांडणी रुग्णांच्या निरीक्षणावर उभी होती, मोजमापावर नव्हे.

मोजायला गेले की अडचणी दिसतात. पाचवे अपत्य मोठ्या कुटुंबातच सापडणार आणि अशा कुटुंबांचे उत्पन्न, शिक्षण छोट्या कुटुंबांपेक्षा बऱ्याचदा वेगळे असते. मग दिसलेला फरक क्रमाचा की परिस्थितीचा? शिवाय वीस वर्षांची ताई चौदा वर्षांच्या भावापेक्षा जबाबदार वाटणारच. आई-वडील सांगतात तो पुष्कळदा वयाचा फरक असतो.

2015 मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. रोरर, एग्लॉफ व श्मुक्ले यांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील 20 हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली; डेमियन व रॉबर्ट्स यांनी सुमारे 3 लाख 77 हजार अमेरिकी विद्यार्थ्यांची. बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, शिस्त यांवर जन्मक्रमाचा परिणाम जवळपास शून्य निघाला. बुद्ध्यंकात मात्र थोरले किंचित पुढे. नॉर्वेतील 2007 च्या अभ्यासात, थोरले भावंड लहानपणीच दगावलेल्या दुसऱ्या मुलांचे गुण थोरल्यांइतकेच आढळले. म्हणजे कारण गर्भातले नसून घरातल्या स्थानाचे असावे.

ही आकडेवारी पाश्चात्त्य आहे. आपल्याकडे क्रमाला मुलगा-मुलगी हा भेद चिकटलेला असतो. जयचंद्रन व पांडे यांनी 2017 मध्ये दाखवले, की भारतातील पहिल्या अपत्याची उंची आफ्रिकेतील पहिल्या अपत्यापेक्षा कमी नसते. पुढच्या अपत्यांत ती घटत जाते आणि थोरल्या मुलाला झुकते माप हे त्यामागचे एक मोठे कारण. सातारा जिल्ह्यात तिसऱ्या-चौथ्या मुलीचे नाव ‘नकुशी’ ठेवले जाई; ऑक्टोबर 2011 मध्ये तिथे अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. इथे ‘तिसरी’ हा नुसता क्रमांक उरत नाही.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भाग सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेला आहे. एक भाऊ परराज्यात दुकानावर, दुसरा गावी शेतीवर, अशी घरे तिथे आढळतात. दुकानावरचा बोलघेवडा, गावचा अबोल, असे दिसले तरी त्याचे श्रेय जन्मक्रमाला देणे घाईचे ठरेल, कारण धंद्यानेही माणूस बोलका होतो. दोघांची चाचणी गाव सोडण्यापूर्वी आणि एकाच वयात झालेली असेल, तरच ती तुलना कामाची.