बेडसोरसाठी गादी निवडताना

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एअर बेड आणला की घरातले जरा निर्धास्त होतात. मग काही दिवसांनी अंघोळ घालताना कमरेखालच्या हाडावर काळपट-लाल चट्टा दिसतो आणि गादी बनावट निघाली असं वाटू लागतं. बहुतेक वेळा गादी ठीकच असते. त्या माणसाला लागत होती ती वेगळी असते, नाहीतर ती चुकीची लावलेली असते.

बेडसोर म्हणजे एकाच जागी दाब पडत राहिल्याने होणारी जखम. ती कातडीवर दिसत असली तरी तिची सुरुवात अनेकदा आत, हाडाला लागून असलेल्या स्नायूत होते. निजलेल्या माणसाचं वजन सगळ्या अंगावर सारखं वाटलं जात नाही. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी, टाचा, खुबे, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू अशा थोड्या ठिकाणी ते एकवटतं. तिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं. चेपलेल्या केशवाहिन्यांतून रक्त पुढे जात नाही आणि काही तासांत पेशी मरू लागतात. शिवाय फार जोरात चेपलेल्या पेशींचा आकारच इतका बिघडतो की रक्तपुरवठा तुटण्याची वाट न पाहता त्या काही मिनिटांत निकामी होऊ शकतात. दाब आणि वेळ अशी ही जोडी आहे. थोडा दाब खूप वेळ किंवा खूप दाब थोडा वेळ, दोन्हींचा शेवट जखमेत होतो.

जाहिरातींत '३२ मिलिमीटरपेक्षा कमी दाब' असा दावा बऱ्याचदा दिसतो. मिलिमीटर म्हणजे इथे रक्तदाबासारखाच पाऱ्याचा मिलिमीटर. हा आकडा शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँडिस यांच्या १९३० सालच्या मोजमापातला आहे. निरोगी माणसांच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत त्यांनी रक्तदाब मोजला होता. रक्तदाब घसरलेल्या, मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब झालेल्या, कंबरेवर मांस न उरलेल्या वृद्धाला तो आकडा लागू पडेलच असं नाही. या एका आकड्यावर गादी घेऊ नये.

दाब कमी करायचे मार्ग दोनच. एक, वजन जास्त जागेवर पसरायचं: शरीर गादीत थोडं रुतलं आणि गादीने अंगाचा आकार घेतला की तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर जातं. चांगला फोम, जेल, पाण्याची गादी, हवेच्या स्थिर कप्प्यांची गादी हे या गटातले. दुसरा, दाबाची जागा बदलत ठेवायची: मोटरने काही कप्पे फुगतात, शेजारचे रिकामे होतात आणि साधारण दहा मिनिटांनी अदलाबदल होते. दाब नाहीसा होत नाही, पण एकाच जागी साचतही नाही. ज्याला आपण एअर बेड म्हणतो तो हा.

यांतली कोणती गादी घ्यायची, याचं उत्तर दुकानात मिळत नाही, रुग्णाकडे पाहून मिळतं. पहिला प्रश्न: तो आपला आपण कूस बदलतो का? दुसरा: कातडी आज कशी आहे? मग लघवी-शौचावर ताबा आहे का, घाम किती येतो, पोटात अन्न जातं का, दुखल्याचं त्याला कळतं का. रुग्णालयांत यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी वापरतात. संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण अशा सहा बाबींना मिळून ६ ते २३ गुण असतात आणि १८ किंवा त्याखाली धोका धरतात. गुण जितके कमी, तितका धोका जास्त.

थोडाफार हलणाऱ्या, धोका मध्यम असलेल्या आणि कातडी शाबूत असलेल्या माणसाला चांगला फोम बहुधा पुरतो. इथे 'चांगला' म्हणजे 'महाग' नव्हे. घनता किलो प्रति घनमीटरमध्ये विचारा. एकसंध फोमला साधारण ३५ किंवा त्याहून जास्त घनता आणि १५ सेंटिमीटर जाडी हवी. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. घनता जास्त असली की फोम टिकतो आणि लवकर बसत नाही, पण तो हाताला मऊच लागू शकतो. अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असलेली पाच सेंटिमीटरची पातळ फोमशीट झोपायला बरी वाटते, बेडसोर थांबवत नाही. मेमरी फोम अंगाचा आकार छान घेतो, पण त्यात गरम होतं आणि अशक्त माणूस रुतून बसतो. स्वतः वळू शकणारा माणूस गादीमुळे वळेनासा झाला, तर ती गादी त्याच्यासाठी चुकीची. फार मऊ हवेच्या गादीलाही हेच लागू आहे. पलंगाच्या कडेवर बसून उठणाऱ्याला कडा घट्ट असलेली गादी द्यावी, नाहीतर तो घसरून पडतो.

फोमचं कव्हर फोमइतकंच महत्त्वाचं. ते दोन्ही बाजूंना ताणलं जाणारं, पाणी आत न जाऊ देणारं आणि वाफ बाहेर सोडणारं हवं. रेक्झिनचं कव्हर ताणलं जात नाही. त्यावर शरीर ताणलेल्या कापडावर झुलत राहतं, खालच्या फोमपर्यंत पोचतच नाही. महिन्यातून एकदा चेन उघडून आत डाग पडलेत का बघावं. डाग दिसला म्हणजे कव्हर गळतंय आणि फोम ओला होतोय.

अजिबात न हलणारा, अर्धांगाने जखडलेला, बेशुद्ध किंवा तासनतास एकाच कुशीवर राहणारा रुग्ण असेल, किंवा कूस बदलायला रात्री कुणी नसेल, तर एअर बेडचा विचार करावा. तो फोमपेक्षा कितीतरी सरस असेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २०२९ रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत कप्पे बदलणाऱ्या गादीवर ६.९ टक्के, तर चांगल्या फोमवर ८.९ टक्के रुग्णांना नवी जखम झाली. हा फरक ठामपणे सिद्ध झाला म्हणावा इतका नव्हता. चांगल्या फोमवरून निकृष्ट एअर बेडवर जाणं ही मला तरी प्रगती वाटत नाही.

एअर बेडमध्ये दोन प्रकार सर्रास मिळतात. एकात पुष्कळ लहान फुगे असतात, दुसऱ्यात आडव्या लांब नळ्या. फुग्यांची गादी स्वस्त आणि हलकी, पण फुगे जेमतेम सहा-सात सेंटिमीटर उंच. बेडसोरविषयीच्या २०१४ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कप्पे टाळायला सांगितलं होतं, कारण शेजारचा कप्पा रिकामा झाला की शरीर थेट तळाला टेकतं. रुग्ण सडपातळ असेल, धोका कमी असेल, तर फुग्यांवर भागतं. वजनदार किंवा आधीच जखम असलेल्याला नळ्यांची गादी घ्यावी. कप्प्यांचा व्यास आणि वजनमर्यादा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रुग्णाचं वजन मर्यादेच्या काठावर असेल तर एक पायरी वरची गादी घ्यावी. तिसरा प्रकार बारीक छिद्रांतून सतत हवा सोडणारा. घाम आणि ओलाव्याने कातडी भिजून पांढरी पडत असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण त्यावर मेणकापड अंथरलं की हवा अडते आणि पैसे वाया जातात. मणक्याचा अस्थिर फ्रॅक्चर असेल, तर हवेची कुठलीही गादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. बदलत्या दाबाने मणका हलू शकतो.

आता लावणं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फुग्यांची गादी साध्या गादीच्या वर ठेवायची असते. तिच्यावर पुन्हा कापसाची गादी घातलेली अनेक घरांत दिसते, मग मोटर चालते आणि रुग्णापर्यंत काहीच पोचत नाही. गादीच्या दोन्ही टोकांच्या झालरी खालच्या गादीखाली घट्ट खोचाव्या. मोटर पायथ्याच्या दांड्याला लटकवावी. जमिनीवर, पांघरुणाखाली ठेवली की हवा ओढायची जाळी धुळीने चोंदते. दोन्ही नळ्या कुठे दुमडल्या नाहीत ना, हे बोट फिरवून पाहावं. रुग्णाला निजवण्याआधी गादी पूर्ण दाबाने फुगवावी, त्याला अर्धा तास लागू शकतो. मग बटण रुग्णाच्या वजनावर आणावं.

बटण 'फुल' ठेवलं की चांगलं, हा समज फार पसरलाय. कप्पे टणक झाले की शरीर रुतत नाही आणि हाडाखालचा दाब वाढतो. योग्य दाब हाताने तपासता येतो. रुग्णाला पाठीवर निजवा आणि डोकं नेहमी जितकं वर असतं तितकंच ठेवा, कारण डोकं वर केलं की कमरेवर जास्त भार येतो. तळहात वरच्या बाजूला ठेवून हात एअर बेडच्या खाली, कमरेच्या हाडाच्या बरोबर खाली सरकवा. तुमचा हात आणि त्याचं अंग यांच्यात फुगलेल्या गादीचा निदान अडीच सेंटिमीटर थर जाणवला पाहिजे. कप्पे बदलतात, म्हणून हात पूर्ण फेरीभर तिथेच ठेवा. हाड हाताला टेकलं, तर गादी तळ गाठतेय: बटण एक टप्पा वाढवा. भरपूर थर लागला तर टप्प्याटप्प्याने कमी करत जा आणि हाड टेकायच्या एक टप्पा आधी थांबा. सगळ्यात जास्त दाबावरही हाड टेकत असेल, तर ती गादी त्या वजनाला पुरणारी नाही. साध्या फोमची तपासणी वेगळी: दोन्ही हातांच्या मुठी एकत्र करून मधोमध जोरात दाबा, खालची फळी लागली तर फोम गेला.

मोटर घरघरते म्हणजे गादी चालते असं नाही. कुठले कप्पे फुगलेत ते ध्यानात ठेवा आणि दहा-बारा मिनिटांनी पुन्हा पाहा. तेच फुगलेले असतील तर एक नळी निघालेली असते किंवा मोटरमधली हवा वाटणारी चकती अडकलेली असते. अंग पुसताना 'स्थिर' बटण दाबलं असेल, तर नंतर ते परत फिरवायला विसरू नका. वीज गेली की बऱ्याच गाद्या हळूहळू बसतात, त्या वेळी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. चादरीला टाचणी लावू नये. छिद्र पडलं तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे ठिगळ.

वर काय अंथरता हेही पाहा. एक सुती, सैल चादर आणि गरज असेल तर एकच शोषक पॅड. दुपटं, मेणकापड, डायपर आणि वर घडी घातलेली चादर असे थर रचले की गादीचा स्पर्शच होत नाही. चादर ताणून खोचली की झोळी होते. तीन-चार थर काढून टाकले की काही रुग्णांना नव्या गादीइतका फरक पडतो.

हवा भरलेली गोल रिंग घेऊ नका. रिंग तिच्या कडांवर दाब देते आणि मधल्या जागेचं रक्त अडवते. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याचाही उपयोग नाही. टाच कुठल्याही गादीवर नीट सुटत नाही, तिच्यासाठी वेगळी सोय लागते: पोटरीखाली लांब उशी द्यावी, गुडघा किंचित वाकलेला असावा आणि टाच हवेत राहावी. उशी टाचेच्या वर मागे लागणाऱ्या जाड, दोरीसारख्या स्नायुबंधावर येऊ देऊ नये. लाल झालेली जागा चोळू नका, आतलं मांस आणखी दुखावतं.

गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही. तिच्यामुळे दोन वळणांतलं अंतर वाढवता येतं, एवढाच तिचा फायदा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, जखम नसलेल्या ९४२ वृद्धांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात चांगल्या फोमवर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवण्यात ठळक फरक आढळला नाही. जखम झालेल्याला हे लागू करू नये. वळवताना पूर्ण कुशीवर न नेता ३० अंशांत कलतं ठेवावं, पाठीमागे उशी द्यावी, म्हणजे खुबा आणि कंबर दोन्ही मोकळे राहतात. डोकं ३० अंशांहून वर करायचंच असेल, तर आधी गुडघे उचला, मग डोकं. नाहीतर अंग खाली घसरतं, हाड सरकतं, कातडी मागे राहते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळल्या जातात. वर सरकवताना ओढू नका, चादरीसकट दोघांनी उचला. गादीमुळे पलंग उंच झाला असेल, तर कठडे पुरेसे उंच उरलेत का, तेही पाहा.

रोज एकदा उजेडात पाठ बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लाली तशीच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे शेजारच्या जागेपेक्षा गरम, टणक, सुजलेलं किंवा दुखरं आहे का हे हाताने पाहावं. जांभळी, काळपट जागा आतलं मांस मेल्याची खूण असू शकते.

जखम झालीच तर तिच्यावर निजवू नका, मग गादी कितीही भारी असो. कमरेवर जखम असेल तर आलटून-पालटून डावी-उजवी कूस, खुर्चीत बसणंही थोडाच वेळ. दोन कुशी पुरत नसतील, जखम खोल असेल किंवा चांगली निगा असूनही भरत नसेल, तर मोठ्या कप्प्यांच्या किंवा हवा सोडणाऱ्या गादीकडे जावं. मेलेलं काळं मांस, दुर्गंध, पू, ताप, उघडं हाड दिसलं तर डॉक्टरांकडेच जावं लागतं. जखम भरायला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि ३० ते ३५ कॅलरी लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

जखम वरून भरली की लोक गादी परत करतात. भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीइतकी कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते, आणि तीही काही महिन्यांनी. तोवर त्याच गादीवर ठेवावं आणि साध्या फोमवर आणायचं असेल तर पहिले काही दिवस प्रत्येक वळणाला ती जागा तपासावी.