पॅटर्न काय आला?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचा कागद हातात पडला की पहिला प्रश्न असतो, "पॅटर्न काय आला?" उत्तर एए, एएस किंवा एसएस. पुष्कळांना हा रक्तगटच वाटतो. तो रक्तगट नव्हे, हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा, प्रकार आहे, आणि आनुवंशिकता समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीची 'कृती' आपल्या ११व्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. ए म्हणजे नेहमीची प्रत. एस या प्रतीत डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. म्हणून रक्त कमी पडतं. बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकल्या की हाडं-सांधे असह्य ठणकतात.

हा एसएस, म्हणजे दोन्ही प्रती एस असलेला रुग्ण. एएसला सहसा काहीच जाणवत नाही, कारण एक चांगली प्रत काम निभावून नेते. तो वाहक. एएसचा पुढे एसएस होत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी.

दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. इथेच हिशेब चुकतो. "पहिलं लेकरू एसएस निघालं, आता पुढची तीन ठणठणीत" असं नसतं. दर गरोदरपणात नाणं नव्याने उडतं, मागचं त्याला आठवत नाही. अशा जोडप्याला चार मुलं झाली तर एकही एसएस नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. दोनच मुलं असतील तर ५६ टक्के. म्हणूनच कित्येक घरं खात्रीने सांगतात, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." एस मात्र गुपचूप पुढे गेलेला असतो.

आणि दोष सुनेला! एसएस बाळाकडे दोन एस असतात, त्यातला एक बापाचाच.

मग इतकी त्रासदायक प्रत टिकली कशी? शास्त्रज्ञ अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की एएस असलेल्यांना हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. हिवतापाच्या मुलखात वाहक जास्त तगले, आणि त्यांच्याबरोबर एसही. महाराष्ट्रात हिवतापाचा एक मोठा वाटा आजही गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याचा आहे.