झिर्कोनिया : 'स्थिर' शब्दाचा घोळ

सराफाकडचा अमेरिकन डायमंड आणि दाताची पांढरी कॅप, दोन्ही झिर्कोनियाच, म्हणजे झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड. फरक आत किती यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) मिसळलंय याचा.

शुद्ध झिर्कोनिया तापवून भाजला तर थंड होताना फुटतो. साधारण 1170 अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या स्फटिकांची रचना चतुष्कोणीय असते. खाली येताना ती एकनत (एका बाजूला कललेली) होते आणि आकारमान 4-5 टक्क्यांनी वाढतं. भट्टीच्या विटा बनवणाऱ्यांनी यावर जुनाच उपाय योजला होता : चुना किंवा मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) असा स्थिरक मिसळून रचना घनाकृती करून टाकायची, म्हणजे ती बदलतच नाही. याला नाव पडलं 'स्थिरीकृत' झिर्कोनिया. घोळाचं मूळ इथेच आहे.

कारण कणखरपणा येतो तो अस्थिरतेतून. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लेखाला 'सिरॅमिक पोलाद?' असं प्रश्नचिन्हासकट शीर्षक देऊन दाखवलं, की स्थिरक मुद्दाम कमी घातला तर चतुष्कोणीय कण आत दाबून राहतात. तडा जवळ आला की दाब सुटतो, कण रूप बदलून फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. म्हणजे ज्या फुगण्याने वीट फुटायची, तेच इथे कामाला लावलं. या पदार्थाला 'अंशतः स्थिरीकृत' म्हटलं गेलं; पण तेच नाव आधीपासून, उष्णतेचा धक्का सोसणाऱ्या वेगळ्याच मिश्रणांना होतं. पुढे सुमारे 3 मोल टक्के (वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने) यिट्रियाचा, जवळजवळ पूर्ण चतुष्कोणीय झिर्कोनिया आला, त्यालाही काहींनी हेच नाव लावलं. ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये) झिर्कोनियाचे बारीक कण पेरण्याच्या पद्धतीत तर स्थिरक न घालताही काम भागतं. 'अर्धस्थिर' म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता.

नावाने निश्चिंत राहिल्याची किंमत खुब्याच्या कृत्रिम सांध्यात दिसली. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून झिर्कोनियाचे गोळे बसवले जात होते. ओलाव्यात हे कण तड्याशिवायही हळूहळू बदलतात, हे 1980 च्या दशकातच कळलं होतं. तरी 1998 मध्ये एका फ्रेंच उत्पादकाने भट्टी बदलली : एका वेळी एक घाणा भाजणाऱ्या बॅच भट्टीऐवजी, माल सलग पुढे सरकत भाजणारी टनेल भट्टी. त्यातले काही गोळे शरीरात वर्ष-दोन वर्षांत फुटले आणि 2001 मध्ये माल परत मागवावा लागला. त्यानंतर खुब्यासाठी झिर्कोनिया पेरलेला ॲल्युमिनाच पुढे सरसावला.

दातांच्या लॅबने मात्र झिर्कोनिया उचलून धरला. कॅप ज्यातून कोरतात ती चकती खडूसारखी असते, मशिनवर कोरताना पांढरी भुकटी उडते. कॅप 20-25 टक्के मोठी कोरतात, भट्टीत ती आक्रसून मापाला येते. अलीकडे दातासारखी झाक हवी म्हणून यिट्रिया 5 मोल टक्क्यांपर्यंत वाढवलं. त्याने निम्म्याच्या आसपास भाग घनाकृती होतो, म्हणजे अमेरिकन डायमंडच्या दिशेने सरकतो. उजेड छान आरपार जातो, पण तड्याला चिमटा काढणारे कण कमी उरतात आणि मजबुतीही बरीच घटते. बिलावर मात्र 3 आणि 5 टक्केवाल्या दोन्हींना 'झिर्कोनिया' एवढंच लिहिलेलं असतं.