संशोधनार्थ स्त्रीबीजदान

स्वतःच्या किंवा दुसऱ्या जोडप्याच्या अपत्यप्राप्तीसाठी नव्हे, तर प्रयोगशाळेतील अभ्यासासाठी स्त्रीने स्वेच्छेने बीजे देणे.

या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबाबत मतभेद आहेत. जॉन रॉक व मिरियम मेन्किन यांनी १९४४ मध्ये मानवी बीजाचे शरीराबाहेर फलन झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यांची बीजे शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजकोशांतून आली होती. रॉबर्ट एडवर्ड्‌स यांचे १९६० च्या दशकातील आरंभीचे कामही अशाच ऊतींवर झाले. काहींच्या मते हेच पहिले बीजदान. मात्र त्या स्त्रियांनी संशोधनापायी वेगळी जोखीम पत्करली नव्हती. निरोगी स्त्रीने केवळ संशोधनासाठी संप्रेरके (एका वेळी अनेक बीजे पक्व करणारी हार्मोन्स) टोचून घेतली तेथून, म्हणजे साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, आरंभ मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

नैतिक पेच या जोखमीतच आहे. सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी, मग भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढणे. बीजकोश अतिउत्तेजित झाल्यास पोटात पाणी साठते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. दात्रीला यातून वैद्यकीय लाभ काहीच नाही. दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या, क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवण्याच्या प्रयोगांसाठी त्यांच्या हाताखालच्या संशोधिकांनीही बीजे दिली, काही स्त्रियांना पैसे मिळाले. त्यांचे २००४ व २००५ चे निबंध बनावट ठरून २००६ मध्ये मागे घेतले गेले. तरीही न्यूयॉर्क राज्याने २००९ मध्ये संशोधनार्थ बीजदानाच्या मोबदल्यास मुभा दिली.

भारतात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (वंध्यत्वोपचारविषयक) कायद्यानुसार बीजदात्री २३ ते ३५ वर्षांची असावी; तिने आयुष्यात एकदाच दान करावे व सातपेक्षा अधिक बीजे काढू नयेत. संशोधनासाठी बीजे परदेशी पाठवण्यास मनाई आहे.

कराड, सांगली, मिरज या भागात हा प्रश्न उद्भवलाच, तर तो वंध्यत्वोपचारातील अपक्व, निरुपयोगी बीजांपासून उद्भवेल. नवरा आणि सासू बाहेर बसलेली, समोर संमतिपत्र, आणि बाई म्हणते, ‘डॉक्टर म्हणतील तसं.’ याला संमती म्हणता येणार नाही. मोबदल्याला वाट दिली, तर पहिला भार गरजू बायकांवर पडेल. हंगामात येथील कारखान्यांवर बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात; त्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. म्हणून संशोधनासाठी बीज मागणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळी असावी, आणि बीज वापरले जाईपर्यंत नकार देण्याची मुभा त्या बाईला असावी.