पापणीवरची एक घडी

आरसा समोर धरा, नजर खाली घाला आणि हळूहळू वर आणा. पापणी उचलताना कातडी एका ठरावीक रेषेवर आत ओढली जाते आणि घडी पडते. आपल्यातल्या बहुतेकांना ही घडी जन्मापासूनच असते, त्यामुळे तिच्याकडे कधी लक्षही जात नाही. जपान, कोरिया, चीनमध्ये मात्र सुमारे निम्म्या लोकांना ती नसते. जपानीत दोन्हींना घरगुती शब्द आहेत. ‘हितोए’ म्हणजे एकपदरी आणि ‘फुताए’ म्हणजे दुपदरी.

पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या टोकाला एक पातळ पडदा असतो. त्याचे तंतू वरच्या बाजूला कातडीला चिकटलेले असले, की स्नायू आखडताच कातडी तिथे खेचली जाते. एकपदरी पापणीत ही पकड अगदी खाली असते किंवा नसतेच, शिवाय चरबीही पापणीच्या कडेजवळ उतरलेली असते. म्हणून घडी पडत नाही, इतकंच. नजरेत काही कमी नसतं.

नसलेली घडी ऑपरेशन करून पाडूनही घेता येते. ‘गोऱ्यांसारखं दिसायचंय म्हणून हे ऑपरेशन’ असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं. कोरियन युद्धानंतर अमेरिकन सर्जन राल्फ मिलर्ड यांनी दक्षिण कोरियात ते केलं, हे खरं. पण जपानी डॉक्टर मिकामो यांनी त्याचं वर्णन 1896 मध्येच केलं होतं. त्यांच्या रुग्ण बाईच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. म्हणजे नमुना परदेशी नव्हता, तिच्याच चेहऱ्यावर होता.

आज दोन पद्धती आहेत. एकीत बारीक छिद्रांतून टाके घेऊन दोरा आतच ठेवतात. सूज कमी येते, पण काही वर्षांत घडी सैल पडू शकते. दुसरीत पापणी कापून, लागल्यास चरबी काढून, कातडी आतल्या पडद्याला जोडतात. ही घडी टिकते आणि व्रणही राहतो. दोन डोळ्यांच्या घड्या कमीजास्त होणं, डोळे कोरडे पडणं, झोपेत नीट न मिटणं हे धोके आहेतच. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाणं अतिशय दुर्मीळ, पण माहीत असायलाच हवं.

पापणी बाहुलीवर उतरत असेल, बघण्यासाठी सतत भुवया ताणाव्या लागत असतील, किंवा मुलाच्या खालच्या पापणीचे केस बुबुळाला घासत असतील, तर प्रश्न दिसण्याचा उरत नाही. तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

फक्त आकारच बदलायचा असेल, तर मला पापणीवर घडी पाडणारी चिकटपट्टी फार शहाणपणाची वाटते. जपान-कोरियातल्या औषधांच्या दुकानांत ती सहज मिळते. रोज सकाळी लावायची, रात्री काढायची. महिनाभरात हौस फिटली, तर तेवढ्यावरच भागलं! (कातडीला खाज सुटली तर मात्र लगेच थांबायचं.)

तरीही ऑपरेशन करायचं ठरलं, तर सर्जन तुम्हाला ताठ बसवतात, कारण आडवं झाल्यावर पापणी वेगळी दिसते. मग बारीक वाकवलेली तार, कधी कधी चक्क सरळ केलेली पेपर क्लिप, पापणीवर टेकवून ‘वर बघा’ म्हणतात. घडी तिथल्या तिथे दिसते. एखाद-दोन मिलिमीटर वर सरकवली तरी चेहरा बदलतो. हातात आरसा असताना उंच घडीचा मोह होतो. पण कमी उंचीची घडी नंतर वर नेता येते. उंच घडी खाली आणायला सर्जनच्या नाकी नऊ येतात.